तोबिउमे चहाघराचा सिंह

१

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हमालांनी पेटीचे झाकण उचलले. आत सिंह नव्हता.

वार मंगळवार, तारीख अठरा सप्टेंबर, मेइजीचे एकविसावे वर्ष, म्हणजे सन १८८८. ठिकाण योशिवारा, म्हणजे राजधानीतली नायकिणींची परवान्याची वस्ती; नाकानोचो रस्ता, महाद्वारातून आत शिरल्यावर डाव्या हाताचे सहावे चहाघर, तोबिउमे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला शरदाच्या जत्रेची मिरवणूक निघणार होती आणि तिच्या पुढे हाच सिंह नाचणार होता. लाखेने रंगवलेले लाल लाकडी डोके, सोनेरी दात, हलणारे कान, आणि मागे दोन माणसे मावतील एवढे हिरवे कापड. पुढचा माणूस डोके नाचवतो, मागचा कमरेत वाकून धड सांभाळतो.

मी मिरवणुकीची चार ओळींची बातमी आणायला गेलो होतो. आमचा अंक सात वाजता छापखान्यात जातो. मी पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते आणि चहाघराच्या मालकीणबाई ओतोकु पेटीत डोके घालून ओरडत होत्या, जणू सिंह तळाशी लपून बसला असावा.

"कोहागी!" पेटीतून आवाज आला. "कुठं टाकलास त्याला?"

कोहागी ही चौतीस वर्षांची गेशा. नऊ वर्षे या सिंहाचे डोके तिच्या हातात होते. यंदा ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीला दिले गेले आणि कोहागीच्या वाट्याला ढोल आला. रविवारच्या तालमीत ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "नऊ वर्षं मी त्या लाकडात जीव घातला. आता दुसऱ्या कुणी हात लावला तर खंदकात बुडवीन मेल्याला." हे वाक्य मीही ऐकले होते. योशिवारात ते कोणी ऐकले नसेल असे मला वाटत नाही.

"मी आत्ता आले, मालकीणबाई," कोहागी म्हणाली. "तालमीतून. हातात शामिसेन होती. दोन्ही हात भरलेले होते."

"आणि खंदकात ढकलायला हात कशाला लागतात? पाय पुरेत."

वस्तीच्या चारी बाजूंनी काळ्या पाण्याचा खंदक आहे. तो चहाघराच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर. ओतोकुबाईंनी दोन हमाल बांबू देऊन तिकडे पिटाळलेसुद्धा होते.

"दिवे लागायच्या आत सिंह आला नाही, तर तुझी पाटी उतरेल," त्या म्हणाल्या. "आजच."

पाटी म्हणजे गेशांच्या कचेरीतल्या भिंतीवरची नावाची लाकडी पाटी. ती भिंतीवर आहे तोवर गेशाला बोलावणे येते. उतरली की योशिवारातले एकही दार तिला उघडत नाही, आणि बाहेरच्या वस्त्या योशिवाराने उतरवलेली पाटी लावून घेत नाहीत. तीन तारांची ती शामिसेन वाजवण्याशिवाय पोटापुरते दुसरे काही कोहागीला येत नव्हते. तिने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि बसली.

२

कचेरीतून ओगिनबाई आल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते. वय त्र्याहत्तर. कचेरीत उदबत्त्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. वरच्या मजल्यावर बैठक सुरू झाली की खाली राखेच्या भांड्यात काडी रोवून पेटवायची. एक काडी म्हणजे एक तास. वस्तीतल्या प्रत्येक चहाघराला काड्या त्यांच्या हातूनच जातात, म्हणून सगळे त्यांना काडीवाल्या आजी म्हणतात. त्यांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पायमोजे. सप्टेंबरच्या उकाड्यातही जाड, दुहेरी कापडाचे, टाचेमागे पितळी आकड्यांनी घट्ट बसवलेले.

"आजी, उकडत नाही का?" सेंपाचीने विचारले. सेंपाची हा धंद्याने खुशमस्कऱ्या. बैठकीत गिऱ्हाइकाला हसवणे हे त्याचे काम. तो नुकताच येऊन उंबऱ्यावर भाजलेले चेस्टनट सोलत बसला होता.

"अठरा वर्षं अनवाणी बसले रे या वस्तीत. हिवाळ्यात, बर्फात," त्या म्हणाल्या. "सुटले त्या दिवशी पहिली खरेदी मोज्यांची केली. आता झोपतानासुद्धा काढत नाही. जाळतील तेव्हा यांच्यासकट जाळा."

ओतोकुबाईंनी त्यांना हाताला धरून आत नेले. "आजी, तुमच्या कचेरीची बाई आहे ही. तुमच्या देखत पाटी उतरवायची म्हणून बोलावलं."

"दोन वाजल्यापासून चारपर्यंत कोहागी माझ्या डोळ्यांसमोर होती. कचेरीत घड्याळ आहे. चारचे ठोके पडले आणि ती निघाली."

"तेच तर! चारनंतरचंच म्हणते मी." ओतोकुबाईंनी बोटांवर मोजत सांगितले. "दोनच्या घंटेला माएबाशीचे रेशीमवाले कुराबायाशी शेठ आले. सुझुकाझेच्या नायकीणघरातून ताकिनोईला बोलावलं. बैठक दोन काड्यांची. दोन काड्या संपल्या, म्हणजे वाजले चार. सेंपाचीनं मला हाक मारली, शेठ निघाले म्हणून. मी दारापर्यंत जाऊन नमस्कार केला. सिंह पेटीत होता. मी त्याच्या कानावरून हात फिरवला, शकुनाचा. मग शेठ गेले, ताकिनोई गेली, आणि मी जरा पाच मिनिटं आडवी झाले. तर ही आली, आणि सिंह गेला. मधे दुसरं कोणी नाही."

"घड्याळ पाहिलंत?"

"चहाघरात घड्याळ?" ओतोकुबाईंना हसू आले. "गिऱ्हाइकाला वेळ दिसली तर ते घरी नाही का जाणार? माझं घड्याळ हे."

त्यांनी गल्ल्याशेजारचे राखेचे भांडे दाखवले. निळ्या चिनी मातीचे, ओंजळीएवढे. सपाट केलेल्या पांढऱ्या राखेत दोन थोटके शेजारी शेजारी उभी होती, सशाच्या दातांसारखी. काडीचा जेवढा भाग राखेत पुरलेला असतो तेवढा जळत नाही. तो तसाच राहतो.

ओगिनबाई भांड्यापुढे बसल्या. बराच वेळ बसल्या.

"याला कोणी हात लावला?"

"कोणी नाही. या गोंधळात कोण लावतो?"

"मग लावूही नका." त्यांनी बाहीतून एक नवी काडी काढली आणि दुसरे भांडे मागवले. "ओतोकु, ही काडी मी आता पेटवते. ही विझेपर्यंत पाटीचं नाव काढायचं नाही. मला म्हातारीला चहा हवाय, आणि चार लोकांशी बोलायचंय."

"पण आजी, दिवे लागायची वेळ..."

"काडी विझेल तेव्हा दिवेच लागतील."

माझ्या घड्याळात चार वाजून पन्नास मिनिटे झाली होती. सेंपाचीने चेस्टनट सोलणे थांबवले होते.

३

पहिली हाक ओतोयो मोलकरणीला. ती धट्टीकट्टी, बोलकी आणि रागावलेली होती.

"मी काही पाहिलं नाही, आजी. शेठ गेले आणि मी मागच्या विहिरीवर बसले. अठरा ताटल्या, नऊ वाडगे, भात शिजवायचं मोठं भांडं. ते तर कोणी घासतच नाही, माझ्यासाठीच ठेवतात. सगळं घासलं, पुसलं, मांडलं. मग बाईंच्या दोन किमोनोंना टाके घातले. तेवढ्यात आत ओरडा झाला."

"ओतोकुच्या पाच मिनिटांत?"

ओतोयोने मालकिणीकडे पाहिले. "मी भराभर काम करते," ती जपून म्हणाली.

"देव तुझं भलं करो," ओगिनबाई म्हणाल्या. "पुढचा चहा जरा कडक आण."

मग सेंपाची. त्याने जागेवरूनच दोन्ही हात वर केले.

"मी गरीब माणूस. काड्या पेटवल्या, शेठना हसवलं, ताकिनोईताईंना सुझुकाझेच्या दाराशी पोचवलं, चेस्टनट घेतले, आलो. सिंहाशी माझं भांडण नाही. तो माझ्यापेक्षा कमी बोलतो म्हणून थोडा हेवा वाटतो, एवढंच."

"काड्या तू पेटवल्यास?"

"मालकीणबाई दुपारच्या जरा ध्यानाला बसतात. तेव्हा मीच पेटवतो."

"घोरत नव्हते मी!" ओतोकुबाई म्हणाल्या. "पहिली संपली, दुसरी लावली, असं तू सांगितलंस ते मी ऐकलं."

"घोरत होत्या असं कोण म्हणालं?" सेंपाची म्हणाला.

माएबाशीचे शेठ समोरच्या शेवयांच्या दुकानात सापडले. गुबगुबीत, लालबुंद गृहस्थ. ओगिनबाई स्वतः तिथे गेल्या. बेताने चालत, वाटेत दोन ओळखीच्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारून. माझ्या घड्याळात सव्वापाच होत होते. मला अंकाची काळजी लागली होती. त्यांना कशाचीच घाई दिसत नव्हती.

"शेठ, बैठक कशी झाली?"

"उत्तम! बाई गुणी आहेत. शब्द कमी, पण कविता काय सुरेख लिहितात." शेठनी वाडगा बाजूला सारला. "फक्त एक सांगू का? रागावू नका. गेल्या वर्षीसुद्धा दोन काड्या बसलो होतो. तेव्हा जेवण झालं, गाणं झालं, मी स्वतः एक गाणं म्हटलं, मग सगळ्यांनी गप्प बसून चंद्राची वाट पाहिली. यंदा बाम मासा संपेपर्यंतच तुमचे विदूषकमहाराज येऊन म्हणतात, शेठ, दोन्ही जळल्या! मला वाटलं, बाई सुंदर असली की वेळ असाच पळतो."

"म्हणून तुम्ही तक्रार केली नाहीत."

"तक्रार कसली? मला तर अभिमान वाटला. या वयात म्हटलं आपल्याला अजून वेळेचं भान राहत नाही." त्यांनी पोटावरून हात फिरवला. "पण भूक राहिली. म्हणून इथं शेवया. हा तिसरा वाडगा."

"इथं किती वेळ बसलात?"

दुकानदारानेच उत्तर दिले. दुकानात घड्याळ होते आणि त्याचा त्याला फार गर्व होता. "शेठ आले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती, आजी. मी म्हटलं सुद्धा, एवढ्यात कसे?"

मी वहीत लिहून घेतले: तीन वाजून पाच. मग ओतोकुबाईंचा जबाब पुन्हा वाचला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेठ चहाघरातून चारला निघाले होते.

४

परत येईपर्यंत खंदकावरचे हमाल एक छत्री, एक फुटका कंदील आणि सँडलची अर्धी जोडी घेऊन आले होते. ओतोकुबाईंनी ते सगळे मांडून ठेवायला सांगितले.

"आता तरी कळलं का?" त्या ओगिनबाईंना म्हणाल्या. काडी अर्ध्याहून जास्त जळाली होती. "खंदक खोल आहे. उद्या सकाळपर्यंत सापडेल. पण मिरवणुकीत भिजलेला सिंह नाचवू का मी? कोहागी, ऊठ. चल कचेरीत. मी स्वतः उतरवते तुझी पाटी."

कोहागी उठली. तेवढ्यात उंबऱ्यावरून सेंपाचीही उठला. त्याचे तोंड उघडले होते आणि चेहऱ्यावर हसू नव्हते. मी त्याला तसा पहिल्यांदा पाहिला.

"मालकीणबाई, ऐका, मी..."

"बस रे," ओगिनबाई म्हणाल्या. "तुझी पाळी झाली. दुसऱ्याच्या पाळीत बोलायचं नाही." आणि ओतोकुबाईंना, "काडी अजून जळतेय. शब्द दिलायस."

सेंपाची बसला. कोहागीही बसली. ओगिनबाईंनी राखेचे निळे भांडे ओढून सगळ्यांच्या मधे ठेवले.

"चाळीस वर्षं मी काड्या लावते. पहिली काडी विझली की तिचं थोटूक उपटायचं, टोपलीत टाकायचं, आणि त्याच भोकात दुसरी रोवायची. का? राख सपाट राहते म्हणून, आणि एवढ्याशा भांड्यात दोन भोकांची दाटी नको म्हणून. सगळे असंच करतात. ओतोकु, तू कसं करतेस?"

"असंच."

"मग दोन काड्या जळल्यावर भांड्यात थोटकं किती उरायला हवीत?"

ओतोकुबाईंनी भांड्याकडे पाहिले. "एक," त्या म्हणाल्या. मग हळूच, "ही तर दोन आहेत."

"मघापासून दोन आहेत. तू पाहिलीस, मनात म्हणालीस दोन काड्या, दोन तास, झालं. आपण सगळ्या तेच करतो. काड्या मोजतो आणि वाटतं की वेळ मोजली." ओगिनबाईंनी एका थोटकावर बोट ठेवले. "या दोन्ही एकदम पेटल्या होत्या. शेजारी शेजारी जळल्या, एकदम विझल्या. एकाच तासात. तुझे शेठ चारला नाही, तीनला गेले. शेवयावाल्याचं घड्याळ सांगतं. आणि तू पाच मिनिटं नाही, एक तास झोपलीस. ओतोयोच्या अठरा ताटल्या सांगतात."

"आणि भात शिजवायचं भांडं," ओतोयो म्हणाली.

"तुझा सिंह तीन ते चारच्या मधे गेला. त्या वेळात कोहागी माझ्यासमोर ढोल बडवत होती. वाईट बडवत होती, पण बडवत होती. बारा जणींनी ऐकलंय."

कोहागीने तोंडावर बाही धरली. रडते की हसते ते कळले नाही. बहुधा दोन्ही.

"पण मग गेला कुठं?" ओतोकुबाई म्हणाल्या. "एवढं मोठं धूड! महाद्वार एकच आहे, आणि तिथं पोलीस बसतो."

"म्हणून त्यालाच बोलावलंय मी," ओगिनबाई म्हणाल्या. "पण सांगितलं होतं, चौकीवर चहा पिऊन मग ये, घाई नाही."

५

हवालदार निइरो हा दक्षिणेकडचा, कागोशिमाचा तरुण. योशिवाराच्या चौकीवर येऊन त्याला तीनच आठवडे झाले होते. तो ताठ बसला आणि नोंदवही उघडली. महाद्वारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाईला पास दाखवावा लागतो. पुरुषांना लागत नाही.

"दुपारी तीन ते चार. पास तपासले अकरा. न्हावीण एक, आया दोन, भाजीवाल्या..."

"सिंह?"

"सिंह एक," हवालदार म्हणाला. "तीन वाजून वीस मिनिटं. बाहेर."

ओतोकुबाईंच्या घशातून एक आवाज निघाला.

"जत्रेमुळे आठवडाभर सिंह येतात-जातात," हवालदार घाईने म्हणाला. "प्रत्येक गल्लीचा एकेक आहे. सिंहाला पास लागतो असं नियमात कुठंही नाही. मी तपासलंय. शिवाय तो थांबला, चौकीपुढं नाचला. फारच छान नाचला. मी..." त्याचे कान लाल झाले. "मी त्याच्या तोंडात एक साखरेची वडी दिली. आणि त्याने मान लववली, म्हणून मी सलाम केला."

"सिंहाला?"

"शासकीय नव्हता तो सलाम."

ओतोयो भांडी आणायला म्हणून आत पळाली. तिचे हसणे स्वयंपाकघरातून ऐकू येत होते.

"कोण होतं आत?" ओगिनबाईंनी विचारले.

"चेहरे दिसत नाहीत. चार पाय. पुढचे पाय सराईत, पांढरे मोजे, गवती चपला. मागचे मात्र नवखे. सारखे अडखळत होते. आणि विचित्र म्हणजे मागच्या पायांत मोजे नव्हते. नुसत्याच चपला. पाय गोरे, स्वच्छ. मला वाटलं, एवढ्या मोठ्या चहाघराला एक जोडी मोजे परवडत नाहीत?"

हवालदार वस्तीत तीन आठवड्यांचा होता. बाकी आम्ही सगळे जुने होतो. योशिवारात गेशा मोजे घालतात, मोलकरणी घालतात, खुशमस्कऱ्या घालतो, सिंह नाचवणारे तर घालतातच. बाराही महिने अनवाणी राहतात त्या फक्त नायकिणी. तोच त्यांचा रिवाज, तीच त्यांची ऐट. जिने अकरा वर्षे पायात काही चढवले नाही, तिला सिंहाच्या पोटात शिरताना सगळे सुचेल, मोजे सुचणार नाहीत.

माझी नजर ओगिनबाईंच्या पायांकडे गेली. त्यांनी पाय मुडपून घेतले.

काडीचा लाल ठिपका राखेला टेकला, एकदा चमकला आणि विझला. माझ्या घड्याळात पाच वाजून एकावन्न मिनिटे झाली होती.

"बाई गं," ओतोकुबाई पुटपुटल्या. "एक काडी एवढी लांब असते?"

बाहेर दिवे लागू लागले. आणि दारात सुझुकाझे नायकीणघराचे मालक मांकिची उभे राहिले, घामाघूम.

"ओतोकुबाई, पुरे झालं आता! गिऱ्हाईक खूश असेल तर तिसरी-चौथी काडी लावा, मी काही म्हणत नाही. पण सहाला गिऱ्हाइकांना दिसेल असं जाळीमागं बसायची वेळ होते. आमची ताकिनोई पाठवा."

६

पुढची दहा मिनिटे मी शक्य तेवढी उतरवून घेतली. सगळे एकदम बोलत होते.

मांकिचींना वाटत होते ताकिनोई चहाघरात आहे. ओतोकुबाईंना वाटत होते ती तीन तासांपूर्वी, म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोन तासांपूर्वी, घरी गेली. दोन घरांच्या मधे ती कुणाच्याच वहीत नव्हती.

ताकिनोईचे खरे नाव ओयासु. वय सत्तावीस, त्यातली अकरा वर्षे योशिवारात. हे काम सोडण्याचा अर्ज तिने तीनदा लिहिला होता. अर्जावर मालकाचा शिक्का लागतो आणि मांकिचींनी तीनही वेळा शिक्का सापडत नाही असे सांगितले होते. हे मला त्या संध्याकाळी कोहागीने सांगितले. मांकिचींनी नाकारले नाही.

"सेंपाची!" ते गरजले. "तू पोचवायला गेला होतास तिला!"

"दाराशी सोडलं, मालक. उंबरा ओलांडताना पाहत बसलो नाही, हे खरं."

"आणि त्या काड्या?"

"दोन एकदम लागल्या? माझीच चूक." सेंपाचीने कपाळावर हात मारला. "डोळे अधू झाले हो. परवा मी खांबाला नमस्कार केला."

"हवालदार! याला पकडा!"

हवालदार निइरोने पेन्सिल उचलली आणि थांबला. "तक्रार लिहायची तर सगळंच लिहावं लागेल," तो म्हणाला. "सिंह. वेळ. साखरेची वडी." थोडे थांबून, "सलाम."

"आणि मी झोपले होते ते?" ओतोकुबाईंनी विचारले.

"तेही."

"मग आधी नीट विचार करू," ओतोकुबाई म्हणाल्या. "घाईत लिहिलेलं बरं नसतं. मांकिचीशेठ, चहा घ्या. तो शिक्का कुठं हरवला होता, तेही लिहावं लागेल ना?"

मांकिची बसले. ओतोकुबाई कोहागीकडे वळल्या आणि दोन्ही हात टेकून वाकल्या. त्यांना गेशापुढे वाकताना मी यापूर्वी पाहिले नव्हते. "पाटी आहे तिथंच राहील," त्या म्हणाल्या. "आणि सिंह मिळाला, तर डोकं तुझं. ती एकोणीस वर्षांची पोर ढोल बडवील."

"ती माझ्यापेक्षा बरा बडवते," कोहागी म्हणाली.

निघताना मी ओगिनबाईंबरोबर महाद्वारापर्यंत चाललो. भांडे पाहिल्याबरोबर त्यांना उलगडा झाला होता, याची मला खात्री होती. मग एक तास चहा, गप्पा, शेवयांचे दुकान, चौकीला पाठवलेला सावकाश निरोप कशासाठी? उत्तरेची गाडी उएनो स्टेशनाहून साडेपाचला सुटते, एवढे मी बोललो.

"असं का?" त्या म्हणाल्या. "मला गाड्यांचं काही कळत नाही. मी काडीवाली."

आमचा अंक सातला गेला. त्यात मिरवणुकीच्या चार ओळी होत्या.

बुधवारी पहाटे सिंह सापडला. आसाकुसाच्या एका लहान देवळात, दानपेटीच्या बाजूला, हिरव्या कापडाची नीट घडी घालून ठेवलेला. तोंडात अर्धी साखरेची वडी होती. संध्याकाळी सहाला कोहागीने त्याला नाचवले. मागच्या पायांत सेंपाची होता.

गुरुवारी मी त्या देवळाच्या आसपास चौकशी केली. तीन दुकाने सोडून मोज्यांचे एक दुकान आहे. मालकाला मंगळवार नीट आठवत होता, कारण भिंतीवरच्या घड्याळाला तो तेव्हाच किल्ली देत होता. पावणेचार झाले होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक बाई आत आली. साधे निळे सुती कपडे, पायात गवती चपला. तिने पांढऱ्या मोज्यांची एक जोडी घेतली आणि पायरीवर बसून घातली. मग तिने त्याला विचारले की टाचेमागचे हे आकडे कसे लावतात.

"एवढी मोठी बाई," दुकानदार मला म्हणाला, "आणि आकडे लावता येईनात. मी दाखवले. एक पाय मी लावला, दुसरा तिनं स्वतः लावला. मग उठली, दुकानात दोनदा फिरली, आणि गेली."

कोणत्या दिशेने, ते त्याने पाहिले नाही. तो घड्याळाला किल्ली देत होता.